मोबाइल ॲपमध्ये चित्रांचा मेमरी कॅश : आधी काय, नंतर काय

ॲप स्क्रोल करताना अडकतं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, "अरे, कॅश टाक ना." कॅश म्हणजे एकदा तयार केलेलं चित्र पुन्हा लागेल म्हणून मेमरीत जपून ठेवणारा साठा. मग कुणीतरी वीस ओळींचा एलआरयू कॅश (जागा संपली की सगळ्यात जास्त काळ न वापरलेलं चित्र बाहेर काढणारा) जोडतो. आठवड्याभरात "अडकतं" ही तक्रार जाते आणि "आपोआप बंद पडतं" ही तक्रार येते. बहुतेक वेळा त्या वीस ओळी बरोबरच असतात. चुकलेला असतो तो क्रम. कॅश ही चौथी पायरी आहे आणि लोक तिथूनच सुरुवात करतात.

खालचं सगळं अँड्रॉइड आणि कोटलिन धरून आहे. उदाहरण एकच घेतो : एका साडीच्या दुकानासाठी मी केलेला कॅटलॉग, दोन रकान्यांची जाळी, शेकडो फोटो आणि तेही दुकानातल्याच मुलाने फोनवर काढलेले. ग्लाइड किंवा कॉइल या चित्रं आणून दाखवणाऱ्या तयार लायब्रऱ्या वापरत असाल तरी वाचा. लायब्ररी बरंच काम स्वतः करते, पण चुकीचं माप मागितलंत तर चुकीचंच माप आणून देते.

तयारी

तीन गोष्टी हाताशी हव्यात.

एक, 2-3 जीबी रॅमचा साधा फोन. स्वतःच्या नव्याकोऱ्या फोनवर सगळंच लोण्यासारखं चालतं, त्यावर काही कळत नाही.

दोन, रिलीज बिल्ड, म्हणजे ग्राहकाला द्यायची आवृत्ती. डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायची आवृत्ती, मुळातच हळू असतं. त्यावर अडकतंय म्हणून दोन दिवस घालवलेली माणसं मला माहीत आहेत, त्यात मीही आहे.

तीन, खरे फोटो. चाचणीसाठी आपण इंटरनेटवरून 800 पिक्सेलचे नीटनेटके फोटो उचलतो आणि दुकानदार 12 मेगापिक्सेलचे चढवतो. चाचणीत आणि दुकानात दिसणारा फरक बहुतेक वेळा इथूनच येतो.

पायरी 1 : दोष चित्रांचाच आहे ना, ते ठरवा

ॲडॅप्टरमध्ये, म्हणजे यादीच्या चौकटी भरणाऱ्या कोडमध्ये, जिथे चित्र लावता ती ओळ बंद करा आणि तिथे नुसता राखाडी रंग लावा. आता स्क्रोल करा.

तरीही अडकत असेल तर दोष चित्रांचा नाही. एकात एक घातलेले लेआउट, बाइंड करताना (चौकटीत माहिती भरताना) केलेली तारखेची जुळवाजुळव, मुख्य थ्रेडवर (पडदा रंगवणाऱ्या कामाच्या धाग्यावर) डेटाबेस वाचणं, यांपैकी काहीतरी आहे. हा लेख इथेच सोडा आणि ते आधी दुरुस्त करा. कॅशने ते बरं होणार नाही.

राखाडी चौकोन सरळ पळत असतील तर दोष चित्रांचा. मग आकडे लिहून ठेवा. डेव्हलपर पर्यायांत प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग चालू केलं की स्क्रीनवर उभ्या काठ्या दिसतात. आडव्या हिरव्या रेघेच्या वर गेलेली काठी म्हणजे 16 मिलिसेकंदांत न बसलेली फ्रेम. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला 16.6 मिलिसेकंद मिळतात, 90 वर 11.1 आणि 120 वर फक्त 8.3. मेमरीसाठी ॲडबीमधून (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) डम्पसिस मेमइन्फो चालवा आणि जावा हीप (जावा-कोटलिनच्या वस्तूंची मेमरी), नेटिव्ह हीप (त्याबाहेरची मेमरी), ग्राफिक्स हे तिन्ही आकडे कागदावर उतरवा. हो, कागदावरच. बदल केल्यावर "आता बरं वाटतंय" असं म्हणायची खोड मोडायला तो कागद लागतो.

सावधान : अँड्रॉइड 8 पासून बिटमॅपचे (उलगडलेल्या चित्राचे) पिक्सेल नेटिव्ह हीपमध्ये राहतात, त्याआधी 3.0 ते 7.1 पर्यंत ते जावा हीपमध्ये असत. त्यामुळे नव्या फोनवर फक्त जावा हीपचा आलेख बघाल तर तो सपाट दिसेल, आणि शेजारी नेटिव्ह हीप चढत असेल.

पायरी 2 : एका चित्राचं वजन काढा

फाइल 3 एमबीची आहे म्हणून चित्र मेमरीत 3 एमबी घेईल, हा सगळ्यात मोठा गैरसमज. मेमरीत जेपेग नसतो, उलगडलेले पिक्सेल असतात. नेहमीच्या एआरजीबी 8888 प्रकारात एका पिक्सेलला 4 बाइट लागतात. रुंदी गुणिले उंची गुणिले 4, एवढंच गणित.

3000 × 4000 चा फोटो : 1 कोटी 20 लाख पिक्सेल, 4 कोटी 80 लाख बाइट, म्हणजे साधारण 46 एमबी. एक फोटो.

आता जागा किती आहे ते बघा. 1080 × 2400 च्या पडद्यावर दोन रकाने, म्हणजे एक चौकट ढोबळमानाने 540 × 720. तिला लागणारे पिक्सेल 3,88,800 आणि वजन साधारण 1.5 एमबी. तीसपट जास्त माल आपण मेमरीत ओततो आणि मग पडदा तो लहान करून दाखवतो. पाहुण्याला वाटीभर साखर हवी म्हणून ओट्यावर पोतं आणून ठेवण्यातला प्रकार.

बॅकएंडवाल्याने "मी वेबपी करून दिलेत, फाइल निम्मी झाली" असं सांगितलं तर त्याचे आभार माना, डेटा वाचला. मेमरीत मात्र एका बाइटचाही फरक पडलेला नाही. त्याच्याकडे मागायचं ते लहान मापाचं थंबनेल. ते मिळालं तर पुढचं अर्धं काम वाचतं. मला दीड महिन्याने मिळालं, तोवर पायरी 3 वर दिवस काढले.

जाता जाता ॲपच्या आतली चित्रंही तपासा. मोठा जेपेग साध्या ड्रॉएबल फोल्डरमध्ये टाकला तर अँड्रॉइड तो 160 डीपीआयचा समजतो आणि 480 डीपीआयच्या फोनवर तिप्पट ताणतो. रुंदीही तिप्पट, उंचीही तिप्पट, म्हणजे मेमरी नऊपट. 1000 × 1000 चं स्वागताचं चित्र साधारण 34 एमबी खाऊन बसतं. अशी चित्रं नोडीपीआय फोल्डरमध्ये ठेवा किंवा मुळातच नीट मापाची करा.

पायरी 3 : उलगडतानाच लहान करा

आधी अख्खं उलगडून मग लहान करायचं नाही. तोवर 46 एमबी घेऊन झालेले असतात. क्रम असा :

1. बिटमॅप फॅक्टरीच्या पर्यायांत इन-जस्ट-डिकोड-बाउंड्स खरं करा आणि एकदा वाचा. पिक्सेल येत नाहीत, फक्त रुंदी-उंची कळते.

2. मापाचा भाजक काढा. दोन, चार, आठ असं वाढवत जा, पण दोन्ही बाजू चौकटीपेक्षा लहान होणार नाहीत तिथवरच. आपल्या फोटोला 4 ने भागलं तर 750 × 1000 येतं. 8 ने भागलं तर 375 × 500 येतं, ते चौकटीपेक्षा लहान, म्हणजे चित्र धूसर. तेव्हा 4. हाच आकडा इन-सॅम्पल-साइज. दोनाच्या घातात नसलेला आकडा दिलात तर तो खालच्या घातावर ओढला जातो, म्हणून 5 किंवा 6 देऊन उपयोग नाही.

3. इन-जस्ट-डिकोड-बाउंड्स पुन्हा खोटं करा आणि आता खरं वाचन करा. 750 × 1000 चं वजन साधारण 2.9 एमबी.

4. हवं तर त्यातून नेमकं 540 × 720 करून घ्या आणि मधलं टाकून द्या. अँड्रॉइड 9 आणि पुढे इमेज डिकोडरला थेट हवं ते माप सांगता येतं, तिथे हा जादा खटाटोप नको.

या पायरीवर तीन चुका हमखास होतात.

पहिली, प्रवाह एकदा वाचला की संपतो. माप वाचायला वापरलेला इनपुट स्ट्रीम तसाच दुसऱ्या वाचनाला दिला तर हातात नल, म्हणजे रिकामं उत्तर, येतं, आणि माणूस "फोटो खराब आहे" म्हणून सर्व्हरवाल्याशी भांडतो. दुसऱ्या वाचनासाठी स्ट्रीम नव्याने उघडा.

दुसरी, फिरलेले फोटो. फोन उभा धरून काढलेल्या फोटोत पिक्सेल बऱ्याचदा आडवेच असतात आणि "90 अंशांत फिरव" अशी नोंद एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीत, असते. बिटमॅप फॅक्टरी ती नोंद पाळत नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये निम्म्या पैठण्या आडव्या झोपल्या होत्या. एक्झिफ इंटरफेसने नोंद वाचा, भाजक काढताना रुंदी-उंचीची अदलाबदल करा, आणि फिरवलेलं चित्रच कॅशमध्ये ठेवा. दर वेळी फिरवत बसू नका.

तिसरी, मेमरी वाचवायला डोळे झाकून आरजीबी 565 लावणं. त्यात पिक्सेलला 2 बाइट, म्हणजे वजन निम्मं, हे खरं. पण रंग कमी होतात आणि पारदर्शकता जाते. साध्या फोटोत चटकन कळत नाही. जरीच्या पदरावर मात्र, जिथे सोनेरी रंग हळूहळू गडद होत जातो, तिथे सरळ पट्टे दिसतात. साडी विकायची असेल तर हा व्यवहार तोट्याचा.

तपासणी : कॅश अजून लावलेलाच नाही. तरीही या टप्प्यावर पुन्हा मोजा. नेटिव्ह हीपचा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा झपाट्याने खाली आलेला दिसला पाहिजे. नसेल तर कुठेतरी अजून अख्खा फोटो उलगडतोय. तो सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी 4 : कॅश किती मोठा ठेवायचा

अँड्रॉइडमध्ये एलआरयू कॅश तयार मिळतो. सगळ्यात आधी वापरलेलं आणि नंतर कुणी न विचारलेलं चित्र तो आधी बाहेर काढतो.

नेहमीचा हिशोब म्हणजे ॲपला मिळणाऱ्या जावा हीपचा आठवा भाग. 256 एमबी मिळत असतील तर 32 एमबी. आपल्या 1.5 एमबीच्या चौकटी त्यात एकवीस बसतात. पडद्यावर एका वेळी, अर्धवट दिसणाऱ्या धरून, आठ ते दहा असतात. म्हणजे दोन पडद्यांएवढा माल. हे पुरेसं आहे. ग्लाइडही साधारण दोन पडद्यांचंच माप धरतं. माणूस खाली जातो, एखादी साडी मागे टाकल्याचं आठवतं, थोडं वर येतो. शंभर साड्या वर कुणी झपकन जात नाही, आणि गेलाच तर डिस्क आहे.

अँड्रॉइड 8 नंतर पिक्सेल जावा हीपमध्ये नसल्याने हा आठवा भाग आता काटेकोर नियम उरलेला नाही, अंदाज म्हणून चांगला आहे. "मग आता निम्मी मेमरी घेऊया" असा अर्थ काढू नका. पूर्वी मेमरी संपल्याचा अपवाद फेकला जायचा, क्रॅश रिपोर्ट यायचा. आता फोनच दमला की प्रणाली ॲपला मुकाट्याने मारते. रिपोर्ट कोरा आणि ग्राहक म्हणतो, बंद पडतं. अँड्रॉइड 11 पासून ॲप्लिकेशन एक्झिट इन्फोमधून शेवटच्या मरणाचं कारण वाचता येतं. तिथे कमी मेमरीचं कारण दिसलं तर कॅश लहान करा. कमी रॅमच्या फोनवर, म्हणजे इज-लो-रॅम-डिव्हाइस खरं आलं तर, मी सरळ निम्मा करतो.

आता तो सापळा, ज्यात मी स्वतः पडलो. एलआरयू कॅशला साइज-ऑफ (एका चित्राचं वजन किती ते) सांगितलं नाही तर तो प्रत्येक चित्राचं वजन 1 धरतो. मी मर्यादा किलोबाइटमध्ये दिली होती, 32,768. साइज-ऑफ लिहायचं राहिलं. कॅशने त्याचा अर्थ "32,768 चित्रं" असा घेतला आणि भरत राहिला. माझ्या फोनवर मजेत चालत होतं, दुकानदाराच्या फोनवर तिसऱ्या मिनिटाला बंद.

याची उलट चूकही होते : मर्यादा किलोबाइटमध्ये आणि साइज-ऑफ बाइटमध्ये. मग एकही चित्र मावत नाही, कॅश कायम रिकामा, आणि आपण म्हणतो कॅशने काही फरक पडत नाही. दोन्हीकडे एकच एकक, आणि वजनासाठी गेट-ॲलोकेशन-बाइट-काउंट.

सावधान : मर्यादेपेक्षा मोठं एकच चित्र आत टाकलंत तर कॅश जागा करायला आधीची सगळी चित्रं काढतो, आणि तरी मावत नाही म्हणून शेवटी तेही काढतो. 32 एमबीच्या कॅशमध्ये 46 एमबीचा एक अख्खा फोटो टाकला की संपूर्ण कॅश पुसला जातो. साडीवर टिचकी मारून मोठं चित्र उघडलं आणि मागे आल्यावर सगळी जाळी पुन्हा राखाडी, हे लक्षण याचंच. मोठ्या पानाची चित्रं या कॅशमध्ये घालूच नका.

तपासणी : हिट-काउंट (कॅशमध्ये सापडलेली), मिस-काउंट (न सापडलेली) आणि इव्हिक्शन-काउंट (बाहेर काढलेली चित्रं) लॉगमध्ये छापा. खाली जा, तसंच वर या. वर येताना हिट वाढले पाहिजेत. वाढत नसतील तर पुढची पायरी वाचा.

पायरी 5 : किल्ली

कॅशमध्ये चित्र ज्या नावाने ठेवतो आणि शोधतो ती किल्ली. किल्ली म्हणजे नुसता फोटोचा वेब-पत्ता नव्हे. पत्ता, रुंदी, उंची आणि कोपरे गोल केले असतील तर तेही. नाहीतर आधी यादीतलं चिमुकलं चित्र साठतं आणि पुढच्या पानावर तेच ताणून धूसर दाखवलं जातं.

पत्त्याच्या शेपटीला सहीचं टोकन (सर्व्हरने परवानगी म्हणून जोडलेला मजकूर) असेल आणि ते दर वेळी बदलत असेल तर किल्लीही दर वेळी बदलते. हिट शून्य. किल्ली बनवताना टोकन कापून टाका. याउलट दुकानदाराने त्याच पत्त्यावर नवा फोटो चढवला तर जुनाच दिसत राहतो. म्हणून सर्व्हरकडून फोटो बदलल्याची वेळ किंवा आवृत्ती मागून घ्या आणि ती किल्लीत जोडा.

पायरी 6 : यादीला जोडणं

यादी दाखवणारा रीसायक्लर व्ह्यू चौकटी पुन्हा वापरतो. पाचव्या साडीसाठी चित्र मागवलं, तेवढ्यात माणूस पुढे सरकला, तीच चौकट पंचविसाव्या साडीला मिळाली आणि मग पाचवीचं चित्र येऊन तिच्यावर बसलं. आमच्याकडे "मोरपंखी" लिहिलेल्या चौकटीत जांभळी साडी बसली होती. ग्राहकाने जांभळी बघून मागवली, हाती आली मोरपंखी. दुकानदाराचा फोन आला तो तांत्रिक चर्चेसाठी नव्हता.

बाइंड करताना कामं याच क्रमाने करा :

1. या चौकटीसाठी आधी चालू असलेलं काम रद्द करा.
2. चौकटीवर नवी किल्ली लिहून ठेवा.
3. कॅशमध्ये बघा. सापडलं तर लगेच लावा, हळूहळू उमटण्याचं ॲनिमेशन न देता. प्रत्येक वेळी उमटणारं चित्र हे कॅश असूनही लुकलुकण्याचं मुख्य कारण.
4. नाही सापडलं तर जुनं चित्र पुसून राखाडी लावा आणि मागणी टाका.
5. चित्र आल्यावर चौकटीवर अजून तीच किल्ली आहे का बघा. नसेल तर कॅशमध्ये ठेवा, चौकटीला हात लावू नका.

पाचवं कलम लोक गाळतात, कारण "रद्द केलंय की आपण". रद्द करायला एखादा क्षण उशीर होऊ शकतो. दोन्ही हवेत.

पायरी 7 : थ्रेड

कॅशमधून काढणं मुख्य थ्रेडवर चालतं. डिस्क वाचणं आणि उलगडणं मात्र मागच्या थ्रेडवरच.

मागे पाठवताना गर्दी करू नका. कोटलिनचा आयओ डिस्पॅचर, म्हणजे मागच्या थ्रेडवर कामं वाटणारा भाग, मुळात 64 कामं एकदम चालवू शकतो. जोरात स्क्रोल केलं की डझनावारी फोटो एकाच वेळी उलगडायला लागतात आणि मेमरीचा आलेख सुळक्यासारखा वर जातो. लिमिटेड पॅरलॅलिझम लावून तीन-चारवर आणा. स्वस्त फोनवर तीन बरे.

एकाच चित्राची मागणी दोनदा आली तर दुसरीला पहिलीच्या रांगेत थांबवा. चालू कामांची एक छोटी यादी किल्लीनुसार ठेवली की झालं.

पायरी 8 : सोडून देणं

कॅश ॲप्लिकेशनच्या पातळीवर ठेवा, ॲक्टिव्हिटीत, म्हणजे एकेका पडद्याच्या कोडमध्ये, नको. ॲक्टिव्हिटीत ठेवलात तर फोन आडवा केला की कॅश गेला. आत बिटमॅपच ठेवा. इमेज व्ह्यू ठेवलात तर त्याला चिकटून अख्खी ॲक्टिव्हिटी मेमरीत अडकून बसते.

ऑन-ट्रिम-मेमरीत, म्हणजे मेमरी सोडा असं प्रणाली ॲपला कळवते त्या जागी, दोन पातळ्या सांभाळा. पडदा दिसेनासा झाला, म्हणजे यूआय-हिडन आलं, की कॅश निम्म्यावर आणा. बॅकग्राउंड आलं की रिकामा करा. रनिंग-लो वगैरे पातळ्यांवर विसंबू नका, अँड्रॉइड 14 पासून त्या ॲपला कळवल्याच जात नाहीत.

सावधान : कॅशमधून बाहेर पडणाऱ्या बिटमॅपवर रीसायकल बोलावू नका. कॅशला ते जुनं झालं असेल, पडद्यावर ते अजून दिसत असू शकतं. पुढच्याच फ्रेमला ॲप कोसळतं. सोडून द्या, कचरा उचलणारा (गार्बेज कलेक्टर) उचलेल.

पायरी 9 : डिस्क

प्रक्रिया मेली की मेमरी कॅश जातो, म्हणून मागे डिस्क हवीच. फाइल ॲपच्या कॅश फोल्डरमध्ये ठेवा आणि मर्यादा घाला. प्रणाली ते फोल्डर कधीही साफ करू शकते, तेव्हा फाइल नसणं ही चूक न धरता पुन्हा मागवा. शोधायचा क्रम : मेमरी, डिस्क, नेटवर्क. डिस्कवरून आलेलं चित्र मेमरीत ठेवायला विसरू नका. हे विसरलेलं ॲप मी पाहिलंय आणि तिथे "कॅश आहे" असं तीन जणांनी मला शपथेवर सांगितलं होतं.

लायब्ररी वापरत असाल तर

ग्लाइडमध्ये इमेज व्ह्यूला रॅप-कंटेंट (चित्राएवढंच माप घे) दिलं तर ते स्क्रीनच्या मापाचं चित्र मागतं. दोन रकान्यांच्या जाळीत हे परवडत नाही. ठरावीक माप द्या किंवा ओव्हरराइड लावा. मूळ मापाची सक्ती कुठे राहून गेली असेल तर काढा. आणि लायब्ररीच्या वर स्वतःचा वेगळा एलआरयू कॅश चढवू नका. तेच चित्र दोनदा मेमरीत राहतं, आणि ग्लाइड आपले बिटमॅप पुन्हा वापरत असल्याने तुमच्या कॅशमधल्या साडीवर अचानक दुसरीच साडी उमटू शकते.

शेवटची फेरी

साधा फोन, रिलीज बिल्ड, खरे फोटो. दोनशे साड्या खाली जा, वर या. विमान मोड लावून पुन्हा वर-खाली करा : पाहिलेलं सगळं दिसलं पाहिजे. फोन आडवा करा. मोठं चित्र उघडून मागे या. होम दाबा, कॅमेरा उघडून चार फोटो काढा, परत ॲपमध्ये या. मग तोच कागद काढून नेटिव्ह हीपचा नवा आकडा जुन्याशेजारी लिहा. वर-खाली आणखी पाच फेऱ्या मारूनही तो एका पातळीला थांबत नसेल, तर पायरी 4 वर परत जा आणि साइज-ऑफ आधी बघा.